खबऱ्या कॅडेट: लष्करातला तोंडी सौदा आणि डिलीट केलेले मेसेज

(ऐकायचं असेल तर वरचं प्ले बटण दाबा. बस, लोकल किंवा लेक्चरमध्ये असाल आणि इअरफोन घरी राहिले असतील, तर हे घ्या एपिसोडचं लेखी रूप. बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे" शक्य तितके काढलेत, सगळे नाही.)



आजची गोष्ट अमेरिकेतली आहे. कोलोरॅडो राज्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचं शहर आहे, आणि त्याच्या शेजारी डोंगराच्या पायथ्याशी अमेरिकेच्या हवाई दलाची अकादमी आहे. आपल्या खडकवासल्याची एनडीए डोळ्यांसमोर आणा. साधारण तसंच वातावरण. साधारण चार हजार मुलंमुली, चार वर्षांचं शिक्षण, फी शून्य, आणि बदल्यात नंतर काही वर्षं हवाई दलात नोकरी. आत शिरताना प्रत्येक कॅडेटला एक शपथ घ्यावी लागते. त्या शपथेचा अर्थ असा: आम्ही खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, फसवणार नाही, आणि असं करणाऱ्याला आमच्यात खपवूनही घेणार नाही.

आता डिसेंबर २०१३ मध्ये या. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्याच 'गॅझेट' या वर्तमानपत्रात डेव्ह फिलिप्स या पत्रकाराची एक मोठी बातमी येते. (याच माणसाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, पण ते वेगळ्या मालिकेसाठी. जखमी सैनिकांना शिस्तभंगाच्या नावाखाली सुविधांशिवाय घरी पाठवतात, त्यावरची ती मालिका होती.) या बातमीत लिहिलं होतं की हवाई दलाची तपास यंत्रणा अकादमीतल्या कॅडेट्सनाच गुपचूप खबरी बनवते. वर्गमित्रांशी खोटं बोला, फोटो काढा, अंगावर रेकॉर्डर लावून पार्टीला जा, ड्रग्जचा सौदा ठरवा, आणि आम्हाला कळवा.

म्हणजे ज्या मुलाने खोटं न बोलण्याची शपथ घेतलीय, त्यालाच खोटं बोलण्याची ड्यूटी.

बातमीच्या मध्यभागी २४ वर्षांचा एक माजी कॅडेट होता. नाव त्या वेळी सगळीकडे छापून आलं होतं, पण आपल्याला इथे त्याची गरज नाही. आपण त्याला 'कॅडेट' म्हणू. एप्रिल २०१३ मध्ये, पदवी मिळायला जेमतेम एक महिना असताना, त्याला अकादमीतून काढून टाकलं. त्याचं म्हणणं असं की ज्या नियमभंगांसाठी काढलं, त्यातले बरेच त्याने तपास यंत्रणेच्या सांगण्यावरूनच केले होते. खबरी म्हणून त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या मदतीने ड्रग्जच्या १५ आणि लैंगिक अत्याचाराच्या दोन प्रकरणांत शिक्षा झाल्या. आणि गडबड झाली तेव्हा त्याला हाताळणाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं.

आज आपल्याला याच गोष्टीच्या आत शिरायचंय. "बघा किती वाईट लोक" असं म्हणून सोडून द्यायचं नाहीये. हा सौदा नेमका काय असतो? तो करतं कोण? आणि तो मोडला तर कोणाकडे जायचं?

आधी खबऱ्यांची गरज का पडते ते बघू

थोडं मागे जाऊ. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी अमेरिकन सैन्यात हेरॉईनचा प्रश्न इतका वाढला की १९७१ मध्ये परतणाऱ्या सैनिकांची लघवी तपासायला सुरुवात झाली. पण खरा धक्का बसला २६ मे १९८१ च्या रात्री. निमिट्झ या विमानवाहू जहाजावर उतरताना एक विमान कोसळलं, आग लागली, १४ जण गेले. मेलेल्यांत डेकवर काम करणारे काही खलाशी होते, आणि त्यांच्यातल्या काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघात त्यामुळेच झाला असं कोणी सिद्ध केलं नाही, पण त्यानंतर कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. त्याच डिसेंबरमध्ये पेंटॅगॉनने लघवी तपासणीचा निकाल कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरायला परवानगी दिली.

परिणाम झाला का? झाला. १९८० च्या पाहणीत २७.६ टक्के सैनिकांनी कबूल केलं होतं की गेल्या ३० दिवसांत आपण ड्रग्ज घेतलेत. १९९२ मध्ये हाच आकडा ३.४ वर आला.

पण लघवी तपासणी काय पकडते? घेणाऱ्याला. विकणाऱ्याला नाही. आणि तपासणीच्या यादीत जो पदार्थ नाही, तो तिला दिसतच नाही. २०१० च्या आसपास 'स्पाइस' नावाचा एक प्रकार अमेरिकन तरुणांत पसरला. वाळलेल्या पाल्यावर गांजासारखी नशा देणारं रसायन फवारलेलं. तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत ते सापडत नसे, म्हणून सैन्यात आणि अकादम्यांत ते जोरात चाललं. आता पकडणार कसं? ड्रग्जच्या व्यवहारात तक्रार करायला कोणी येत नाही. घेणारा खूश, विकणारा खूश. मग आतला माणूस हवा.

इथपर्यंत मला यंत्रणेचं म्हणणं पटतं, हे स्पष्ट सांगतो. कमेंटमध्ये "तुम्ही ड्रगवाल्यांची बाजू घेता" असं लिहायच्या आधी हे लक्षात असू द्या.

त्या खोलीत काय होतं

हवाई दलाच्या तपास यंत्रणेचं नाव ओएसआय. स्थापना १९४८, रचना एफबीआयच्या धर्तीवर. थलसेनेची सीआयडी, नौदलाची एनसीआयएस, तशी हवाई दलाची ओएसआय. हे लोक साध्या कपड्यांत फिरतात, आणि आपली रँक सहसा सांगत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे ही यंत्रणा स्थानिक कमांडरच्या हाताखाली नसते. ती हवाई दलाच्या महानिरीक्षकांना जबाबदार असते. कारण चांगलं आहे: उद्या कमांडरचीच चौकशी करायची झाली तर? पण याचाच दुसरा अर्थ असा की अकादमीच्या आवारात ओएसआय काय करतंय हे अकादमीच्या प्रमुखाला ठाऊक असेलच असं नाही.

आता समजा तुम्ही वीस वर्षांचे कॅडेट आहात. शनिवारी रात्री रजिस्टरमध्ये सही न करता बाहेर पार्टीला गेलात. पार्टीत कोणीतरी स्पाइस ओढत होतं. सोमवारी बोलावणं येतं. छोटी खोली, समोर साध्या कपड्यातले दोघं. कागद पुढे सरकवतात: तुमच्यावर अमुक संशय आहे, तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे, वकील हवा असेल तर मागू शकता. तुम्ही काय करता? वीस वर्षांच्या कॅडेटला वाटतं, वकील मागितला म्हणजे मी दोषी आहे असंच त्यांना वाटणार. सही करता. मग तासन्तास प्रश्न. त्या काळच्या नियमांनुसार गांजा घेतल्याबद्दल कोर्ट मार्शलमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, वाटल्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत. हे आकडे हळूच टेबलावर ठेवले जातात. आणि मग आवाज मऊ होतो. "तू चांगला मुलगा आहेस. आम्हाला मदत कर. आम्ही तुझं बघून घेऊ."

"बघून घेऊ." सगळा सौदा या दोन शब्दांत असतो. गॅझेटच्या बातमीत नेमकं हेच चित्र होतं: वकिलाशिवाय तासन्तास चौकशी, खटल्याची धमकी, आणि सवलतीची आश्वासनं, जी नेहमीच पाळली गेली नाहीत.

आता कायद्याकडे येऊ. थोडं तांत्रिक आहे, पण इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे.

अमेरिकन लष्करी कायद्यात एखाद्याला खटल्यापासून अभय द्यायचा अधिकार तपास अधिकाऱ्याला नसतोच. त्या काळी तो असायचा फक्त मोठं कोर्ट मार्शल भरवायचा अधिकार असलेल्या कमांडरला, म्हणजे बहुतेक वेळा जनरल दर्जाच्या अधिकाऱ्याला. अकादमीत हा अधिकार कोणाकडे? अकादमीच्या प्रमुखाकडे, ज्यांना तिथे सुपरिंटेंडंट म्हणतात. आपल्याकडच्या 'माफीचा साक्षीदार'शी तुलना करून बघा. आपल्याकडे माफी देतो कोर्ट, सगळं नोंदीवर, अटी वाचून दाखवून. पोलीस हवालदाराने चौकीत चहा पाजून दिलेल्या माफीला काही किंमत नसते.

म्हणजे त्या खोलीतला एजंट जी गोष्ट देतोय, ती त्याच्याकडे नाहीच. आणि ज्याच्याकडे आहे, त्याला खोलीत काय चाललंय हे ठाऊक नाही. आणि घेणाऱ्या मुलाला यातलं काहीच माहीत नाही.

मग तोंडी शब्द पाळला नाही तर कोर्ट काहीच करत नाही का? करतं, कधीकधी. १९८२ सालची एक केस आहे, ड्रग्जची नाही, हेरगिरीची. अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या तळावरचा एक सेकंड लेफ्टनंट सोव्हिएत दूतावासात जाऊन आला होता. हवाई दलाच्या कायदा अधिकाऱ्यांमार्फत त्याला सांगितलं गेलं, सगळं खरं सांग, तुझ्यावर खटला भरणार नाही. त्याने सांगितलं. मग खटला भरला. लष्करी अपिलाच्या सर्वोच्च कोर्टाने तो थांबवला: शब्द दिलात, त्यावर विसंबून त्याने तोंड उघडलं, आता मागे फिरता येणार नाही. पण तिथे शब्द दिल्याच्या खुणा होत्या. वरिष्ठ वकील, वरिष्ठ कमांडर, सगळे सामील होते. आपल्या कॅडेटकडे काय होतं? फोनमधले मेसेज.

आणि गॅझेटच्या त्याच बातमीत होतं की काम झाल्यावर खबऱ्यांना ईमेल आणि मेसेज डिलीट करायला सांगितलं जायचं.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन खाली ठेवला. आपण सगळे स्क्रीनशॉटच्या जमान्यातली माणसं. भाडं दिलं, स्क्रीनशॉट. रिफंडचं आश्वासन मिळालं, स्क्रीनशॉट. आणि इथे ज्याच्यावर अख्खं करिअर टांगलंय, तो एकमेव पुरावा स्वतःच्या अंगठ्याने पुसायचा, कारण समोरचा अधिकारी सांगतोय. बरं, नाही म्हणणार कसं? लष्करात आदेश न पाळणं हाच गुन्हा. हा आदेश होता की विनंती, हे ठरवायची अक्कल विसाव्या वर्षी मला तरी नव्हती.

मित्राने विचारलं तर इशारा नाही

आणखी एक बाजू आहे, ती खबऱ्याने ज्यांना पकडून दिलं त्यांची.

अमेरिकन लष्करी कायद्यात कलम ३१ नावाची एक सुंदर तरतूद आहे. संशयिताला प्रश्न विचारण्याआधी त्याला सांगायलाच हवं, आरोप काय आहे आणि तू गप्प बसू शकतोस. हा कायदा लागू झाला १९५१ मध्ये. सामान्य अमेरिकन नागरिकाला 'मिरांडा' निकालाने असा हक्क मिळाला १९६६ मध्ये. म्हणजे सैनिकांना पंधरा वर्षं आधी! कारण उघड आहे. वरिष्ठाने प्रश्न विचारला की कनिष्ठ माणूस आपोआप उत्तर देतो. रँकचा दाब असतोच.

पण कोर्टांनी कालांतराने म्हटलं, समोरचा गुप्त खबरी असेल तर इशाऱ्याची गरज नाही. तो तर मित्र म्हणून बोलतोय, त्याच्या बोलण्यात रँकचा दाब कुठे? तर्क म्हणून बरोबर आहे. इशारा देणारा खबरी गुप्त राहणार कसा? पण परिणाम बघा. तुमच्या खोलीत राहणारा मुलगा विचारतो, "भावा, त्या दिवशीचं सामान कुठून आणलं होतंस?" आणि त्याच्या शर्टाच्या आत रेकॉर्डर चालू आहे. कायद्याच्या नजरेत ती मित्रांमधली गप्पा आहे.

मग प्रश्न येतो, गुन्हा मुळात कोणाच्या डोक्यातून आला? खबऱ्याने दहा वेळा गळ घातली, "आण ना रे, शेवटचं, माझ्यासाठी", आणि अकराव्या वेळी मुलाने कुठूनतरी आणून दिलं. अशा वेळी बचाव पक्ष म्हणू शकतो की याला सरकारनेच गुन्ह्यात ओढलं, याच्या मनात ते नव्हतं. असा थोडा जरी पुरावा समोर आला, तर त्या मुलाची आधीपासूनच तयारी होती हे सरकारला निःसंशय सिद्ध करावं लागतं. छान. पण दहा वेळा गळ घातली हे दाखवायचं कसं? मेसेजमधून. जे डिलीट झालेत.

आणि खबऱ्याला काय कबूल केलं होतं, हेही आरोपीला कळायला हवं. याबद्दलचा मोठा निकाल आहे १९७२ चा, गिग्लिओ नावाच्या माणसाच्या खटल्यातला. एका सरकारी वकिलाने साक्षीदाराला सांगितलं होतं की बोललास तर तुझ्यावर खटला नाही. खटला चालवला दुसऱ्याच सरकारी वकिलाने, त्याला हे माहीत नव्हतं, आणि त्याने ज्युरींना सांगितलं की साक्षीदाराला काहीही कबूल केलेलं नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कोणाला माहीत होतं नि कोणाला नव्हतं हा प्रश्नच नाही. शब्द सरकारने दिला होता, तो उघड व्हायला हवा होता. शिक्षा रद्द. हे तत्त्व कोर्ट मार्शललाही लागू आहे.

आता हे अकादमीला लावून बघा. एजंटने तोंडी शब्द दिला. कुठे लिहिलेलं नाही. मेसेज पुसले. सरकारी वकिलाला ठाऊक नाही. मग आरोपीच्या वकिलाला कळणार कसं की साक्ष देणारा मुलगा स्वतःची कातडी वाचवतोय? समजा अत्याचाराच्या प्रकरणात हे झालं आणि दोन वर्षांनी अपिलात उघड झालं. तर निकाल डळमळतो, आणि जिने धीर करून तक्रार केली होती, तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून. याबद्दल त्या वेळच्या चर्चेत मला फार कमी दिसलं. सगळे खबऱ्याचं काय झालं यावरच बोलत होते. मीही आत्तापर्यंत तेच केलं म्हणा.

बातमीनंतर

अकादमीचं म्हणणं वेगळं होतं, तेही ऐकायला हवं. त्यांच्या मते कॅडेटला त्याच्या स्वतःच्या गैरवर्तनामुळे काढलं, खबरी असण्याशी त्याचा संबंध नव्हता. प्रत्येक नियमभंग आदेशानेच झाला असं मीही म्हणणार नाही. पण बातमीनंतर लवकरच ओएसआयचा एक माजी एजंट पुढे आला. त्याने कॅडेटसोबत काम केलं होतं, आणि कॅडेटच्या म्हणण्याला त्याने दुजोरा दिला. विचार करा, एक माणूस लागला. तो गप्प बसला असता तर एका बाजूला संस्था आणि दुसऱ्या बाजूला रिकामा इनबॉक्स, एवढंच उरलं असतं.

तेव्हाच्या सुपरिंटेंडंट लेफ्टनंट जनरल मिशेल जॉन्सन यांनी डिसेंबर २०१३ मध्येच जाहीर केलं की खबऱ्यांची पद्धत चालू राहील, पण यापुढे तिच्यावर आपली देखरेख असेल. म्हणजे अभय द्यायचा अधिकार ज्या खुर्चीकडे आहे, त्या खुर्चीला आता निदान माहीत तरी असणार. हे योग्यच झालं. मला वाटतं पुरेसं नाही. देखरेख म्हणजे जनरलला कळणं. मुलाला कळणं राहिलंच. सौदा कागदावर हवा, त्यात लिहिलेलं हवं की कोणते नियम मोडायची मुभा आहे आणि कोणते नाहीत, त्यावर अधिकार असलेल्याची सही हवी, आणि सही करण्याआधी मुलाने वकिलाशी बोललेलं हवं. गुप्तता? तिजोरीत ठेवा की. लष्कराकडे तिजोऱ्यांची कमी नाही.

कॅडेटला पदवी मिळाली नाही. अशा वेळी फक्त पदवी जाते असंही नाही. तिथल्या नियमांप्रमाणे शेवटच्या दोन वर्षांत काढलेल्या मुलाला एकतर साधा शिपाई म्हणून नोकरी करायला लावू शकतात, किंवा झालेल्या शिक्षणाचा खर्च परत मागू शकतात. फुकट शिक्षणाचं बिल येतं ते असं.

एक प्रश्न मला रेकॉर्डिंगच्या आधीच आला होता, आमच्याच टीममधून: "मग त्याने पहिल्या दिवशी काय करायला हवं होतं?" माझं उत्तर: वकील मागायला हवा होता. अमेरिकन लष्करात बचावासाठीचा वकील फुकट मिळतो, आणि त्याची साखळी कमांडरपासून वेगळी असते. वकील मागणं हा कबुलीजबाब नाही. पण हे मी इथे, पंख्याखाली बसून सांगतोय. त्या खोलीत बसलेल्या मुलाला पदवीची टोपी हवेत उडवायचा दिवस दिसत होता, आणि समोरचा माणूस म्हणत होता, आम्ही बघून घेऊ.

पुढच्या भागात लघवी तपासणीच्या प्रयोगशाळांबद्दल बोलू. १९८० च्या दशकात अमेरिकन थलसेनेला स्वतःचेच हजारो पॉझिटिव्ह रिपोर्ट भरवशाचे नाहीत हे मान्य करावं लागलं होतं, त्याची गोष्ट. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो दोन मिनिटांच्या आत. भेटू.